दोन जीबीला टेकलेली पीएसटी

जुनी पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवणारी फाइल, उघडेना झाली की मी आधी तिचा आकार बघतो. परवा सहकाऱ्याची फाइल आली ती 2 जीबीला टेकलेली. आउटलुक 2002 पर्यंतच्या पीएसटीची हद्दच तेवढी. 2003 पासून मोठ्या हद्दीचा युनिकोड प्रकार आला, 2010 पासून तर मर्यादा 50 जीबी झाली.

मूळ फाइलला हात न लावता कॉपीवर स्कॅनपीएसटी हे आउटलुकचं दुरुस्तीचं साधन चालवलं. ‘बॅकअप घ्या’वरची खूण काढायची नाही, कितीही घाई असो! एका फेरीत सगळं सुधारत नाही. चुका निघेनाशा होईपर्यंत चालवत राहायचं. हरवलेल्या मेल ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये सापडल्या, अटॅचमेंट मात्र काही गेल्याच. उरलेलं सगळं नव्या युनिकोड पीएसटीत हलवलं. आणि पीएसटी फाइल नेटवर्क ड्राइव्हवरून उघडू नका, बिघडते.