गोठ्याची वेधशाळा आणि छप्पर सरकवायची दिशा

सासवडच्या पुढे आमचं गावचं घर आहे, मागे जुना गोठा, गुरं जाऊन बरीच वर्षं झाली. तिथेच ८ इंची आरशाची दुर्बीण कायमची बसवायची असं ठरवलं, कारण दर वेळी माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक) उचलून अंगणात न्या, ध्रुवाशी जुळवा, परत आत ठेवा, यात अर्धी रात्र जाते.

सगळ्यात जास्त विचार केला तो छपराचा. आकाश उघडं करायला ते अख्खं बाजूला सरकायला हवं, पण कुठल्या बाजूला? नेटवर बघितलेल्या दुर्बिणींच्या बऱ्याच परदेशी शेडमध्ये छप्पर उत्तरेला सरकतं, त्यांचं बरोबरच आहे, लंडनला ध्रुव क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. आपल्याकडे तो जेमतेम १८ अंशांवर! छप्पर उत्तरेला उभं राहिलं की ध्रुवच झाकला, मग इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ज्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो तो, जुळवणार कशाशी? आणि दक्षिण तर अजिबात अडवायची नाही, अगस्त्याचा तारा तिकडे, नरतुरंग तारकासमूह तिकडे, शिवाय पुण्याचा उजेड उत्तरेकडून येतो म्हणजे आमचं काळं आकाश दक्षिणेलाच. पूर्वेला आंबा. म्हणून पश्चिमेला सरकवलं. संध्याकाळचा शुक्र त्यामागे जातो पण तो काय, गच्चीवरूनही दिसतो.

गावातल्या वेल्डरने अँगलचे रूळ केले, उत्तर-दक्षिण भिंती उतरवून ५ फुटांवर आणल्या आणि त्यावर बसवले, खाली स्लायडिंग गेटची चाकं. पत्रा हलका, एका हाताने सरकतो, पण हलका म्हणजे उडणाराही, मे महिन्यातल्या एका वळवाने छप्पर हातभर सरकवलं तेव्हापासून चारही कोपऱ्यांना कड्या आहेत आणि त्या लावल्याशिवाय मी झोपत नाही. दुर्बिणीचा खांब ३ फूट खोल वेगळ्या पायावर घेतलाय, कोब्याला कुठेही चिकटू दिला नाही, मध्ये इंचभर फट, नाहीतर १५० पट मोठं करून शनी बघताना शेजारी कोणी पाऊल टाकलं तरी तो थरथरतो. पत्रा दिवसभर तापतो म्हणून सूर्य मावळला की लगेच छप्पर उघडायचं, तास दीड तास आरसा निवू द्यायचा. पावसाळ्यात मात्र दुर्बीण तिथे ठेवायची नाही, आरशाला बुरशी लागते, ती सिलिका जेलच्या पुड्या घालून घरातल्या कपाटात.

एप्रिलअखेर रात्री साडेअकराला ओमेगा सेंटॉरी बरोबर दक्षिणेला आला, क्षितिजापासून २४ अंश वर, ब्रिटनमधून हा तारकागुच्छ कधी उगवतच नाही. आईला स्टुलावर बसवून दाखवला. बराच वेळ डोळा काढेना, मग म्हणाली, "अरे, रवा सांडलाय की सगळा."