चोर्ल्याच्या चढावर उतरलेली चेन

सायकलवर गोव्यातलं केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला, पुढचे दोघे निसटू लागले आणि मी सीटवरून उठून, पूर्ण जोर लावतानाच पेडलजवळचा गिअर बदलला. चेन ५० दातांच्या चक्रावरून ३४ दातांच्या चक्रावर न बसता थेट आत, फ्रेमवर. पाय रिकामेच फिरले.

जोरात ताणलेली चेन मोठ्या चक्रावरून झटक्याने सुटते, तिची खालची बाजू हेलकावते. डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचा, आतला स्क्रू जरा सैल असला की अडवायला काहीच नसतं. २०१० च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत पोर द बालेस घाटावर अँडी श्लेक या सायकलपटूची चेन, तो वेग वाढवून पुढे निसटत असतानाच उतरली, ३९ सेकंद गेले. ते बघताना जीव तुटला होता माझा.

संध्याकाळी साखळी गावात घरी पोचल्यावर आधी तो स्क्रू पाव फेरा आवळला. आंघोळ नंतर.