विझाग, पाणबुडी आणि सासूबाई

आमची ठाण्याची अख्खी वरात सध्या विझागमध्ये, म्हणजे विशाखापट्टणमला आहे, आणि ऊन म्हणाल तर सकाळी साडेसातलाच डोकं तापतंय. पहाटे आरके बीचवर गेलो. आपल्याला अलिबागला वगैरे समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय, इथे पूर्व किनारा ना, सूर्य चक्क पाण्यातून वर येतो. सासूबाईंनी उभ्याउभ्या अर्घ्य दिलं, बिसलेरीच्या बाटलीतून 😄 पाण्यात मात्र कोणाला उतरू दिलं नाही, ओढ जबरदस्त आहे इथे.

मग तिथलीच कुरसुरा पाणबुडी. खरीखुरी बरं का, रशियन बनावटीची, 1969 ला नौदलात आली, 71 च्या युद्धात होती, 2001 ला निवृत्त झाली आणि मग किनाऱ्यावर ओढून आणून तिचं म्युझियम केलं. लांबी 91 मीटर पण आत एवढुसा बोळ, त्या गोल दारातून आधी पाय टाकायचा की डोकं हेच कळेना. मला वाटलं आई (म्हणजे सासूबाई) बाहेर बसतील, तर त्या पदर खोचून सगळ्यांच्या आधी आत! माहिती सांगणारे काका नौदलातून रिटायर झालेले, त्यांना थेट हिंदीत विचारलं, इतक्या माणसांचा स्वयंपाक कुठे व्हायचा. त्यांनी कपाटाएवढं किचन दाखवलं, तर आई म्हणतात, "नौपाड्याच्या खोलीत याहून मोठं कुठे होतं आमचं!"

संध्याकाळी कैलासगिरीला रोपवेने गेलो, वरून किनारा लांबपर्यंत मस्त दिसतो, फोटो टाकते. उद्या बोरा गुहा म्हणतायत आमचे हे, पण मुलांना बीचवरचे गरम पुनुगुलु (इथले भज्यांसारखे तळलेले गोळे) परत हवेत, बघू कोण जिंकतंय.