गोगलगाय आणि बसवाला

सकाळपासून विम्याच्या परीक्षेचा लायबिलिटीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या कायदेशीर जबाबदारीचा) पेपर घेऊन बसलेय. पहिले दोन तास व्याख्या घोकण्यात गेले, डोक्यात काही शिरेना. मग गोगलगाय आली.

१९२८, स्कॉटलंडमधलं पेझ्ली. मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर, काळपट काचेची बाटली. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर आतून म्हणे कुजलेली गोगलगाय! पैसे मैत्रिणीचे, म्हणजे पिणारीचा कुणाशी करारच नाही. तरी खटल्यात १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं, ग्राहकाची काळजी घेणं हे उत्पादकाचं कर्तव्य आहे. (गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्ध झालंच नाही. मला हेच सगळ्यात आवडलं.)

नोकरीच्या कायद्याचा भाग रटाळ म्हणून शेवटी ठेवला होता. तिथे १८६२ च्या खटल्यातला लंडनचा घोड्यांच्या बसचा चालक भेटला. कंपनीने लेखी बजावलेलं, शर्यत लावू नका, दुसऱ्या बसला अडवू नका. पठ्ठ्याने नेमकं तेच केलं, दुसऱ्या बसचं नुकसान झालं, आणि भरपाई कंपनीच्या गळ्यात! कारण काम कंपनीचंच होतं, करण्याची पद्धत तेवढी चुकली. मी समासात 'अन्याय' लिहिलं. मग त्या दुसऱ्या बसच्या मालकाच्या जागी बसून पाहिलं. चालकाकडून त्याला काय मिळणार होतं? शब्द खोडला.

सराव प्रश्नांत मात्र 'नोकर की स्वतंत्र कंत्राटदार' यावर तीन चुका. हे ठरवताना पाहायचं, नियंत्रण कुणाचं, अवजारं कुणाची, तोटा कुणाच्या खिशातून... उद्या परत हाच धडा.