कोलांटउड्या मारणारा साधक

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. तेथे आरोग्यदायी खाद्यपदार्थांचे दुकान सांभाळत अश्रिता फर्मन या गृहस्थांनी सहाशेहून अधिक गिनेस विक्रम केले. त्यांचा जन्म १९५४ मध्ये ब्रुकलिनमध्ये झाला आणि मूळ नाव कीथ. लहानपणी ते पुस्तकांत रमणारे होते, मैदानाशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. गिनेसच्या पुस्तकाचे मात्र त्यांना विलक्षण वेड होते.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते श्री चिन्मय यांच्यामुळे. पूर्व बंगालमध्ये चितगावच्या परिसरात जन्मलेले, पुदुचेरीच्या श्री अरविंद आश्रमात वाढलेले हे गुरू १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि क्वीन्समध्ये स्थायिक झाले. ध्यानाला व्यायामाची जोड हवी, आणि शरीराची मर्यादा आपण मानतो त्याच्या बरीच पुढे असते, अशी त्यांची शिकवण होती. शाळकरी वयातच त्यांचे शिष्यत्व पत्करलेल्या फर्मन यांनी १९७८ मध्ये सेंट्रल पार्कमधील चोवीस तासांच्या सायकल शर्यतीत फारशी तयारी नसताना ४०५ मैल, म्हणजे सुमारे ६५० किलोमीटर, अंतर कापले. पुढच्याच वर्षी पहिला विक्रम झाला. शाळेत पीटीच्या तासाला हातपाय फाकवून ज्या उड्या मारायला लावतात, तशा २७,००० उड्या त्यांनी मारल्या.

त्यांच्या सगळ्या विक्रमांत मला सर्वांत थक्क करणारा वाटतो तो १९८६ चा. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, १७७५ मध्ये, पॉल रिव्हिअर हा स्वार ब्रिटिश सैन्य येत असल्याची वर्दी देत ज्या वाटेने दौडला, त्या मॅसेच्युसेट्समधील लेक्झिंग्टन-चार्ल्सटाउन मार्गावर फर्मन यांनी कोलांटउड्या मारत १२ मैल ३९० यार्ड, म्हणजे साडेएकोणीस किलोमीटरांहून अधिक, अंतर पार केले. उड्या ८,३४१ आणि वेळ साडेदहा तास. हिशेब मांडला तर सरासरी दर साडेचार सेकंदांना एक उडी पडते, आणि तीही गादीवर नव्हे, डांबरी रस्त्यावर. पाठीचे काय झाले असेल याची कल्पना करता येते, परंतु खरी परीक्षा कानाची असते. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोके थांबले तरी काही क्षण फिरतच राहतो, डोळे एक सांगतात, कान दुसरेच सांगतो, आणि या भांडणाची शिक्षा पोटाला होते. लहानपणी अंगणात चार कोलांटउड्या मारून उठताना ज्याला भोवळ आली असेल त्याला अधिक सांगायला नको.

आपल्याकडे नवस फेडण्यासाठी देवळाभोवती लोटांगण घालणारे भाविक असतात, आणि रतलामचे लोटनबाबा तर १९९४ मध्ये जम्मूपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर लोळत गेले होते. त्यामुळे फर्मन यांची ही तऱ्हा मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. फरक असा की लोटांगणाला साक्षीदार म्हणून देव पुरतो, तर गिनेसला सही-शिक्क्याचे कागद लागतात.

नियमांचा हा काटेकोरपणाच मला या प्रकाराचा गाभा वाटतो. १९९९ मध्ये फर्मन यांनी क्वीन्समधील फॉरेस्ट पार्कमध्ये सुमारे चार किलोची वीट एका हातात धरून ३१ तासांत १३६.८७ किलोमीटर चाल केली. हातमोजा घालायचा नाही, वीट अंगाशी टेकवायची नाही आणि ती वरूनच चिमटीत धरायची, म्हणजे अंगठा एका बाजूला आणि चार बोटे दुसऱ्या बाजूला, असा नियम. आमच्या इमारतीखाली बांधकामासाठी रचलेल्या विटांपैकी एक मी अशी उचलून पाहिली. फाटकापर्यंत पोहोचण्याआधीच अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, आणि ती वीट तर याहून हलकी होती. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या पंढरीनाथालाही या शिष्योत्तमाचे कौतुक वाटले असते. त्याच्या आदल्या वर्षी त्याच बागेतील धावपट्टीवर डोक्यावर दुधाची काचेची बाटली तोलत ते जवळजवळ चोवीस तास चालत होते. अंतर भरले १३० किलोमीटर.

पुढे मात्र संख्येचा मोह जडला असे माझे मत आहे. पोगो स्टिकवर, म्हणजे पाय ठेवून उड्या मारायच्या स्प्रिंगच्या काठीवर, उड्या मारत टोरांटोच्या सीएन टॉवरचा जिना चढणे किंवा तीच काठी घेऊन अॅमेझॉन नदीच्या पाण्यात उतरणे, येथवर कल्पकतेच्या जोडीला दमही लागत होता. त्यानंतर मिनिटाभरात संपणाऱ्या, कोणी पूर्वी केल्याच नव्हत्या म्हणून पहिल्याच प्रयत्नात नावावर होणाऱ्या गोष्टींची भर पडत गेली. २००९ मध्ये एकाच वेळी शंभर विक्रम नावावर असणारे ते पहिले गृहस्थ ठरले, हे खरे. तरी माझ्या लेखी त्या शंभरांतील बहुतेक विक्रम त्या एका विटेच्या तोलाचे नाहीत.

सोसण्याचा दुसरा टोकाचा नमुना पुण्याचा आहे. श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नव्हती. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती कापली गेली तेव्हा पाच नखांची एकत्रित लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली, आणि तोवर तो हात कायमचा अधू झाला होता. चिल्लाळ यांना विक्रमातून घटकाभरही सुट्टी नव्हती, झोपेतसुद्धा नाही. फर्मन यांना निदान दुसऱ्या दिवशी वीट खाली ठेवून दुकान उघडता येत होते.

फर्मन यांना विक्षिप्त म्हणण्याआधी त्यांचा शेजार पाहायला हवा. श्री चिन्मय यांनी १९९७ मध्ये जमैकातच ३,१०० मैलांची शर्यत सुरू केली. ती कोणत्याही रम्य रानावनातून जात नाही. एका शाळेला वळसा घालणाऱ्या ८८३ मीटरच्या पदपथावर धावपटू ५,६४९ फेऱ्या मारतात. मुदत बावन्न दिवसांची असते. रोज सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत धावण्याची मुभा असते आणि ठरल्या मुदतीत पोहोचायचे तर दिवसाला सुमारे ९६ किलोमीटर पडावे लागतात. गुरू २००७ मध्ये गेले, शर्यत त्यांच्या मागेही चालू राहिली. ज्या गल्लीत माणसे उन्हाळाभर एकाच शाळेला प्रदक्षिणा घालतात, तिथे डोक्यावर दुधाची बाटली घेऊन चाललेल्या दुकानदाराकडे कोणी वळून पाहत असेल असे मला वाटत नाही.