कुंडीचे 12 इंच नेमके कुठले?

सोमवार

ऑनलाइन कुंडी मागवताना '12 इंची' एवढंच वाचून पुढे जाऊ नये. हे माप बहुतेकदा वरच्या काठाचं, तेही बाहेरून बाहेर घेतलेलं असतं. वळवलेला काठ दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर खातो, बूड निमुळतं असतं आणि उंची पुष्कळदा 10 इंचांवरच थांबते. आतला वरचा व्यास 27 सेंमी, बुडाचा 20 आणि उंची 25 धरली, तर कुंडीत जेमतेम 11 लिटर मावतात. सरळ भिंतींच्या 30 बाय 30 सेंमी डब्यात 21 बसले असते. शिवाय पाणी घालायला वर अडीच सेंमी जागा सोडायची, म्हणजे मातीच्या वाट्याला साडेनऊ लिटर. टोमॅटोच्या एका रोपाला 15 ते 20 लिटर हवेत. मग फुलं गळतात, रोप दुपारी माना टाकतं, आणि आपण दोष खताला देत बसतो.

घरात आहे ती कुंडी मोजायला सूत्र लागत नाही. आत प्लास्टिकची पिशवी पसरायची आणि लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जायचं.

काळ्या रोपवाटिका-पिशव्यांचा घोळ वेगळाच. त्यांची रुंदी पिशवी सपाट ठेवून मोजतात. 12 इंच रुंद पिशवीचा घेर 24 इंच, म्हणजे भरल्यावर व्यास साडेसात इंचांच्या जरासा वर. फसवणूक नाही म्हणे, पण 'सपाट माप' हे दोन शब्द छापायला शाई किती लागते?

बुधवार

कोकोपीटची (नारळाच्या सोडणाचा भुसा) 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात भिजवली की फुलून 8-9 लिटर होते. कोमट पाणी घेतलं तर काम लवकर होतं. फोडायला सुरी नको, थर आपोआप सुटतात. पण फुगलं म्हणजे लगेच वापरायला तयार झालं, असं नाही. काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. न धुता रोपं लावली तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. चाळणीत घेऊन दोन-तीनदा पाणी सोडायचं, घट्ट पिळायचं. निघणारं पाणी गडद तांबूस होतं ते फिकट होईपर्यंत. साध्या पाण्याने सुटे क्षार जातात, पण तंतूंना धरून बसलेले जात नाहीत. त्यांना हटवायला कॅल्शियम लागतं, म्हणून व्यावसायिक रोपवाटिकांत कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात कोकोपीट मुरवतात. पाकिटावर 'धुतलेलं' लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावरून हे दुसरं काम झालंय असं समजू नये. हे न करता टोमॅटो लावला आणि फळाचं बूड काळं पडू लागलं, तर संशय आधी कॅल्शियमच्या कमतरतेवर आणि अनियमित पाण्यावर घ्यावा.

आणि तळाशी खडीचा थर? नको. निचरा त्याने वाढत नाही. मातीच्या तळाशी काही सेंमीचा थर कायम ओलागच्च राहतो, कारण बारीक कणांनी धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. खडी घातली की तोच ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भोकंच नसतील (कुंडी विकणाऱ्यांना ती ऐच्छिक वाटतात) तर 8-10 मिमीची चार-पाच भोकं पाडावीत; प्लास्टिकला ड्रिल मंद वेगाने आणि आतून लाकडाचा ठोकळा टेकवून, नाहीतर तडा जातो.

शनिवार

आज खऱ्या नाही, बाहुलीघरासारख्या छोट्या प्रतिकृतीतल्या बाल्कनीचं काम. 1:12 म्हणजे खऱ्या फुटाला इथे एक इंच, तेव्हा 12 इंची कुंडी बरोबर 1 इंचाची, 25 मिमी. पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती) भिंत दीड मिमी ठेवायची. भाजायचं तापमान पाकिटावरचंच पाळायचं, बहुधा 110 ते 130 अंश सेल्सिअस. मात्र ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा मानू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. कमी भाजलेली क्ले ठिसूळ राहते, जास्त भाजलेली काळवंडते आणि धूर सोडते. हवेत वाळणारी क्ले वाळताना आकसते, त्यामुळे साच्यावर थापून तशीच ठेवली की हमखास चिरते. अर्धवट वाळल्यावर साचा काढावा.

खरी माती इथे चालत नाही. 1 मिमीचा कण या मापात 12 मिमीचं ढेकूळ दिसतो. बारीक वाळू चहाच्या गाळणीतून चाळून रंगवावी, कुंडीत पसरावी, आणि पांढरा गोंद व पाणी निम्मं-निम्मं करून ड्रॉपरने सोडावं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब हवाच, नाहीतर गोंद वाळूवर मण्यासारखा गोळा होऊन बसतो. खिडकीच्या पारदर्शक पत्र्याजवळ सुपरग्लू आणू नये. त्याची वाफ पत्र्यावर बसून पांढरी धुकट खूण उमटते. तिथे पांढरा गोंदच, टाचणीच्या टोकाने.

अशा प्रतिकृतीच्या विकतच्या किटबद्दल तक्रार अशी, की ते जुळवायला आठवडे लागतात आणि परत करायची मुदत आधीच संपते. म्हणून खोका आला त्याच दिवशी यादीशी भाग ताडून घ्यावेत. लेझरने कापलेले तुकडे पाटीतून सुटे करण्याआधी पाटीचा फोटो काढावा, सुटे झाल्यावर सारखे दिसणारे तुकडे ओळखता येत नाहीत. अॅक्रिलिकचा पत्रा धुरकट वाटला तर ओरडण्यापूर्वी नखाने कोपरा खरवडून पाहावा. दोन्ही बाजूंना संरक्षक पापुद्रा असतो.

दिव्यांची चाचणी मात्र सर्वांत आधी. केसाएवढ्या बारीक तारांचे एलईडी पुष्कळदा विनाकारण 'बिघडलेले' म्हणून परत जातात. ती तार उघडी तांब्याची दिसते, पण तिच्यावर वार्निशचा थर असतो. टोकाचे 5 मिमी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून, 3 व्होल्टच्या बटण सेलला दोन्ही बाजूंनी टेकवून पाहावं. लागला नाही तर तारा उलटवून पुन्हा. छत चिकटवण्याआधी.