आमची वाटचाल : धडा आणि प्रणाली यांच्यामधला सांधा

नाशिकच्या कॉलेज रोडलगतच्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या जागेत आम्ही काम सुरू केले तेव्हा तीन संगणक आणि फ्लॅश या संगणकीय साधनात हलती चित्रे तयार करण्याचे कौशल्य एवढेच आमचे भांडवल होते. शाळांसाठी आणि खासगी क्लासेससाठी विज्ञानाचे धडे तयार करून ते आम्ही सीडीवर देत असू. सीडी पोहोचली की काम संपले, असा तो व्यवहार होता. विद्यार्थ्याने ती उघडली का, कोणत्या प्रश्नाशी तो अडला, हे आम्हाला कधीच कळत नसे.

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने कामगारांसाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षण मागितले आणि आमच्या कामाची दिशा बदलली. त्यांच्याकडे मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्तस्रोत प्रणाली आधीपासून होती. मार्टिन डूजियामस यांनी ऑस्ट्रेलियात विकसित केलेली आणि २००२ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली परवाना शुल्काशिवाय वापरता येते. कारखान्याला धडा तर हवाच होता, पण प्रत्येक कामगाराची प्रगती आणि गुण प्रणालीत आपोआप नोंदले जावेत, हा त्यांचा खरा आग्रह होता. त्यासाठी धडा आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवणारे स्कॉर्म १.२ हे मानक आम्हाला शिकावे लागले. यात सर्व फायली एका झिप संचात बांधतात, आणि धडा ब्राउझरमध्ये उघडला की तो प्रणालीशी संपर्क साधून ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, गुण आणि विद्यार्थी कुठे थांबला याची खूण कळवत राहतो.

पहिल्याच कामात आमची मोठी चूक झाली. यंत्राजवळील धोका ओळखून कामगाराने आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात, असे टप्पे त्या धड्यात होते. कार्यालयात चाचणी घेताना आम्ही प्रत्येक चौकटीत इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द टाकून पुढे जात होतो आणि सारे सुरळीत चालत होते. कामगारांनी मात्र मराठीत, मनापासून आणि सविस्तर लिहिले. दुसऱ्या पाळीत धडा पुन्हा उघडताच त्यांतील अनेकांना तो पहिल्या पानावर सापडला. ज्यांनी सर्वांत जास्त लिहिले होते, नेमक्या त्यांच्याच नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा होता.

कारण सापडायला आम्हाला सहा दिवस लागले. विद्यार्थ्याची मधली स्थिती साठवण्यासाठी स्कॉर्म १.२ मध्ये केवळ ४,०९६ अक्षरांची जागा असते, आणि आम्ही उत्तरे तिथेच, सांकेतिक रूपात बदलून ठेवत होतो. या रूपांतरात ‘क’ या एका अक्षराची नऊ चिन्हे होतात आणि त्याला वेलांटी दिली की अठरा. म्हणजे रोमन लिपीत चार हजार अक्षरे मावतील तिथे देवनागरीची अक्षरे आणि मात्रा मिळून साडेचारशेच जेमतेम मावत होती. आम्ही कारखान्यात जाऊन कामगारांसमोर चूक मान्य केली, लेखी उत्तरे मूडलमधील ‘स्वाध्याय’ या वेगळ्या सुविधेत हलवली आणि त्या जागेत पानाचा क्रमांक व निवडलेल्या पर्यायांचे संकेत एवढेच ठेवले. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक धड्याची चाचणी लांबलचक मराठी उत्तरे लिहूनच होते.

३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला मिळणारा तांत्रिक आधार संपला आणि जुन्या धड्यांचा मोठा संग्रह निरुपयोगी झाला. सुदैवाने नॉर्वेत विकसित झालेले एच५पी हे मुक्त साधन मूडलच्या ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०१९ पासून, प्रणालीतच समाविष्ट झाले होते. त्यात शिक्षक स्वतः चित्रफितीमध्ये प्रश्न पेरू शकतात. एका महाविद्यालयासाठी असे धडे केल्यावर मात्र, बरोबर उत्तरे देऊनही गुण दिसत नाहीत, अशी तक्रार आली. चित्रफीत संपताना येणारे ‘सादर करा’ हे बटण दाबल्याशिवाय गुण प्रणालीकडे जात नव्हते आणि समारोपाचे शेवटचे अर्धे मिनिट कुणी पाहतच नव्हते. आम्ही समारोप काढून टाकला आणि शेवटच्या प्रश्नानंतर लगेच सादरीकरणाचा पडदा येईल अशी रचना केली.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरात असल्यामुळे नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी नाशिकला नवा नाही. तो सलग बसत नाही. वीस मिनिटे वाचतो, थांबतो, दोन दिवसांनी परत येतो. परत आल्यावर त्याची जागा आणि त्याचे गुण त्याला जसेच्या तसे मिळाले पाहिजेत, आणि ते मिळत नसतील तर धडा कितीही देखणा असला तरी आम्ही तो तयार झाला असे मानत नाही.

म्हणूनच आमच्या दरपत्रकात ‘जोडणी आणि चाचणी’ ही स्वतंत्र ओळ असते. ती वगळून दर कमी करण्याची सूचना अनेकदा येते आणि त्यापायी काही कामे हातची गेलीही आहेत. ती ओळ आम्ही काढलेली नाही.